हृदयपेशींची साक्ष

‘डोहाळे’ हा शब्द आपण घरात सहज वापरतो. त्याच्या पोटात काय आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. संस्कृतात ‘दोहद’ आणि ‘दौहृद’ अशी दोन रूपे आढळतात, प्राकृतात ‘दोहळ’ होते आणि तेथून मराठीत डोहळा, डोहाळे. मूळ रूप कोणते यावर अभ्यासकांत मतभेद आहेत; पण सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात दिलेली उपपत्ती अगदी स्पष्ट आहे. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या काळात स्त्री दोन हृदयांची असते आणि तिच्या इच्छा या दुसऱ्या हृदयाच्याही इच्छा असतात. त्या डावलल्या तर मूल कुबडे, थोटे, लंगडे, खुजे किंवा दृष्टिहीन निपजते, असेही तेथे म्हटले आहे. त्याच अध्यायात गर्भाचा कोणता अवयव आधी तयार होतो यावरचा एक वादही नोंदवला आहे. शौनक म्हणतात डोके, कृतवीर्य म्हणतात हृदय, पाराशर्य नाभी, मार्कंडेय हातपाय, सुभूती गौतम धड. धन्वंतरी सगळ्यांना बाजूला सारून सांगतात की सारे अवयव एकदमच होतात. सूक्ष्म असल्यामुळे दिसत नाहीत, एवढेच.

आधुनिक भ्रूणशास्त्राचा कौल पाहिला तर कृतवीर्याची बाजू बरीच भक्कम ठरते. निरनिराळ्या अवयवांची आखणी आगेमागे सुरू होते हे खरे. परंतु प्रत्यक्ष कामाला लागणारा पहिला अवयव हृदयच. माणसाच्या भ्रूणात गर्भधारणेनंतर सुमारे बाविसाव्या दिवशी ठोके सुरू होतात. म्हणजे पाळी चुकून जेमतेम आठवडा झालेला असतो आणि पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर आहोत हे कळलेलेही नसते. कोंबडीच्या अंड्यात तिसऱ्या दिवशी दिसणारा उडता लाल ठिपका अ‍ॅरिस्टॉटलने पाहून ठेवला होता.

सर्वांत आधी जागे होणारे हे हृदयच गर्भाच्या रक्षणासाठी साक्षीला बोलावता येईल का, असा विचार विसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या काही शास्त्रज्ञांनी केला. आई घेते ते औषध, किंवा कारखान्यातून तिच्यापर्यंत पोहोचणारे रसायन, पोटातल्या जिवाला अपाय करील की नाही, हे काचेच्या बशीत वाढवलेल्या हृदयपेशींना विचारायचे. या चाचणीला मराठीत ‘भ्रूणीय मूलपेशी चाचणी’ म्हणता येईल. ती कशी चालते, तिच्यावर किती विश्वास ठेवावा आणि तिच्या निकालाची भाषा कशी वाचावी, हे या लेखात पाहायचे आहे. मी साहित्याचा अध्यापक आहे, जीवशास्त्राचा नव्हे. परंतु विषयाचा शेवटचा भाग बराचसा शब्दांशी निगडित आहे आणि तेथे आपल्यासारख्यांना बोलायला जागा आहे असे मला वाटते.

प्रथम दोन संज्ञा. गर्भधारणेपासून साधारण आठ आठवड्यांपर्यंत ‘भ्रूण’ आणि त्यानंतर जन्मापर्यंत ‘गर्भ’ असा भेद वैद्यकीय मराठीत करतात. बोलीत आपण तो पाळत नाही, पण येथे उपयोगी आहे. कारण अवयवांची घडण मुख्यतः पहिल्या टप्प्यात होते आणि घडणीतले दोषही तेव्हाच शिरतात. या दोषांच्या अभ्यासाला युरोपीय भाषांत ‘टेराटॉलॉजी’ म्हणतात. त्यातल्या ‘टेरास’ या ग्रीक शब्दाचा अर्थ राक्षस, अद्भुत प्राणी, देवाने पाठवलेला अपशकुन. व्यंग असलेल्या बाळाकडे एके काळी कोणत्या नजरेने पाहिले जाई ते या नावातच उरले आहे. आपल्याकडेही निराळे नव्हते. ग्रहण पाळले नाही, विळी हातात घेतली, डोहाळे पुरवले नाहीत, अशी कारणे सांगितली जात आणि दोष फिरून आईच्या माथी येई. मराठीतली ‘विरूपताजनक’ ही संज्ञा बोजड आहे खरी. पण ती निदान आईला किंवा ग्रहाला दोष देत नाही, एका पदार्थाकडे बोट दाखवते.

हे बोट दाखवण्याची गरज जगाला पटवली ती थॅलिडोमाइडने. पश्चिम जर्मनीत १ ऑक्टोबर १९५७ रोजी हे झोपेचे औषध ‘कॉन्टरगन’ या नावाने बाजारात आले. चिठ्ठीशिवाय मिळे. उंदरांना प्रचंड मात्रा देऊनही ते मरत नाहीत, हा त्याच्या निरुपद्रवीपणाचा मोठा पुरावा मानला गेला. सकाळची मळमळ थांबते म्हणून गरोदर स्त्रियाही ते घेऊ लागल्या आणि चाळीसहून अधिक देशांत ते विकले गेले. मग हातांच्या जागी खांद्याला चिकटलेले पंजे असलेली बाळे जन्मू लागली. जर्मनीत विडुकिंड लेन्झ यांनी आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी १९६१ मध्ये या बाळांचा आणि या गोळीचा संबंध जोडला. नोव्हेंबरअखेर जर्मनीत औषध मागे घेतले गेले. तोपर्यंत जगभर सुमारे दहा हजार मुले बाधित झाली होती. अमेरिकेत मात्र औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुराव्याअभावी मंजुरी रोखून धरली होती. त्यांची पहिली शंका गर्भाबद्दल नव्हतीच, मज्जातंतूंच्या इजेबद्दल होती. पण ज्या औषधाने मज्जातंतू दुखावतात ते गर्भाला काय करील, हा प्रश्न त्यांनी त्यातूनच काढला.

या प्रकरणातले वेळापत्रक अंगावर काटा आणणारे आहे. धोक्याचा काळ गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसापर्यंतचा. त्यातही आरंभी गोळी घेतली तर कान बिघडत, पुढे हात, त्यानंतर पाय. जो अवयव त्या दिवसांत घडत असेल त्यावर घाला. ही मुदत टळल्यावर घेतलेल्या गोळीने हातापायांना काही होत नसे. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन स्त्रियांनी तेच औषध घेऊन एकीचे बाळ धडधाकट आणि दुसरीचे थोटे, असे घडू शकत होते. बायका स्वतःच्याच आठवणी चाळत बसल्या असतील, आपले कोठे चुकले म्हणून.

त्यानंतर देशोदेशी कायदे कडक झाले आणि नव्या औषधाची परीक्षा गाभण जनावरांवर घेणे सक्तीचे झाले. आजही रूढ असलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत उंदरांच्या, म्हणजे घुशीएवढ्या मोठ्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या, सुमारे वीस-वीस गाभण माद्यांचे किमान चार गट करतात. तीन गटांना वाढत्या मात्रेत पदार्थ देतात, एका गटाला काहीच देत नाहीत. प्रसूतीच्या आदल्या दिवशी सर्व माद्या मारून पोटातली पिल्ले एकेक तपासतात. औषध असेल तर हेच पुन्हा सशांवर. ससा का, तर थॅलिडोमाइडचा परिणाम उंदरांवर फारसा दिसत नाही, काही जातींच्या सशांवर दिसतो. म्हणजे कोणता प्राणी माणसाच्या वतीने बोलेल हे आधी सांगता येत नाही. शिवाय एका पदार्थाला शेकडो जीव, पुष्कळ महिने आणि पुष्कळ पैसा. औषधांपुरते हे परवडते. पण कारखान्यांत, शेतांत, स्वयंपाकघरांत वावरणाऱ्या हजारो रसायनांसाठी ते होत नाही. त्यांपैकी बहुतेक अशा परीक्षेशिवायच आपल्यात राहतात.

मध्यप्रदेशात राहणाऱ्या आम्हा मराठी भाषकांना याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. १९८४ च्या डिसेंबरात २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्री भोपाळमध्ये मिथाइल आयसोसायनेट पसरला. मृतांची मोजदाद सर्वांना ठाऊक आहे. त्या रात्री गरोदर असलेल्या स्त्रियांमध्ये गर्भपातांचे प्रमाण फार मोठे होते, हे मागाहून घरोघर विचारून कळले. आणि त्यानंतर गाभण उंदरांना हा वायू हुंगवून प्रयोग झाले, त्यांचेही गर्भ गेले. आधी माणसे आणि मग उंदीर, असा हा उलटा क्रम होता.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे. १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनी, तसेच सॅन फ्रान्सिस्कोत गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे, उंदराच्या अगदी कोवळ्या भ्रूणातून काही पेशी काढून बशीत वाढवल्या. या पेशींनी आपण कोण व्हायचे हे अजून ठरवलेले नसते. त्वचा, मज्जातंतू, स्नायू, काहीही होऊ शकते. म्हणून त्या मूलपेशी. पोषकद्रवात एक विशिष्ट प्रथिन घातले की त्या तशाच, निर्णय न घेता, पिढ्यानपिढ्या वाढत राहतात; ते काढून घेतले की निर्णयाला लागतात. एकदा अशी पेशींची वंशावळ हाती आली की पुन्हा पुन्हा उंदरी मारायला नको. बर्लिनमध्ये प्राणिप्रयोगांना पर्याय शोधण्यासाठी १९८९ मध्ये ‘झेबेट’ हे सरकारी केंद्र निघाले. तेथे होर्स्ट स्पीलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदीच्या दशकात या पेशींवर चाचणी बेतली. त्यांनी निवडलेल्या वंशावळीचे नाव ‘डी-थ्री’.

कृती दहा दिवसांची आहे आणि पाहायला फार साधी. पोषकद्रवाच्या वीस मायक्रोलिटरच्या थेंबात, म्हणजे एका मिलिलिटरच्या पन्नासाव्या भागात, सुमारे साडेसातशे पेशी असतात. असे थेंब बशीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ओळीने ठेवायचे आणि झाकण हलक्या हाताने पालथे घालायचे. पाऊस थांबल्यावर वळचणीला जसे थेंब लोंबतात तसे ते लोंबत राहतात, पडत नाहीत. पेशी आपल्या भाराने थेंबाच्या तळाशी उतरतात, एकमेकींना बिलगतात आणि त्यांचा एक गोळा होतो. तिसऱ्या दिवशी हे गोळे द्रवात तरंगत सोडायचे, पाचव्या दिवशी चोवीस खळग्यांच्या तबकात प्रत्येक खळग्यात एक असे बसवायचे. ते तळाला चिकटतात आणि पसरतात. दहाव्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली डोळा लावला की त्या पसरलेल्या पेशींमध्ये काही ठिकाणी धडधड दिसते.

कोणी त्यांना सांगितलेले नसते. तेथे रक्त नसते, मज्जातंतू नसतात, छाती नसते. हृदयाचा आकारही नसतो. फक्त काही पेशी हृदयस्नायूच्या झाल्या आहेत आणि आपल्या स्वभावाप्रमाणे लयीत आकसत आहेत. भाषांतराच्या वर्गात या मजकुराचा एक उतारा दिला होता, तेव्हा एका विद्यार्थ्याने मोबाइलच्या साहाय्याने ‘मारणाऱ्या पेशी’ असे भाषांतर करून आणले. ‘बीट’चे तेच तर होणार! वर्ग हसला, पण ‘धडधडणे’, ‘उडणे’, ‘ठोके पडणे’, ‘फडफडणे’ यांतले नेमके कोणते, यावर मग पाऊण तास बरा गेला. ‘ठोका’ म्हटले की आवाज येतो आणि येथे आवाज नाही. ‘स्पंदन’ शुद्ध आहे, पण दिसत नाही. मी ‘धडधड’ वापरतो आहे, आवाजाचा दोष पत्करून.

हृदयच का निवडले, याचे उत्तर यातच आहे. मूलपेशींपासून यकृताच्या किंवा हाडाच्या पेशी झाल्या की नाही हे ओळखायला रंग, रसायने, यंत्रे लागतात. हृदयपेशी स्वतःच सांगतात. चोवीस खळग्यांपैकी कितींत धडधड आहे एवढे मोजायचे. कोणताही पदार्थ न घातलेल्या तबकात निदान एकवीस खळगे धडधडायला हवेत, नाही तर तो प्रयोग बाद. आता निरनिराळ्या तबकांत तपासायचा पदार्थ वाढत्या प्रमाणात घालत जायचे. एका प्रमाणाला धडधडणारे खळगे निम्म्यावर येतात. हा पहिला आकडा.

परंतु एवढ्याने भागत नाही. मीठही पुरेसे घातले तर धडधड थांबेल, कारण पेशी मरतील. म्हणून आणखी दोन आकडे काढतात. त्याच पदार्थाच्या किती प्रमाणाला मूलपेशी निम्म्या मरतात हा दुसरा. आणि किती प्रमाणाला प्रौढ, ठरून गेलेल्या पेशी निम्म्या मरतात हा तिसरा. या तिसऱ्या कामासाठी ‘थ्री-टी-थ्री’ नावाच्या संयोजी ऊतीच्या पेशी घेतात, त्या जणू आईच्या वतीने उभ्या असतात. गंमत अशी की त्याही मुळात उंदराच्या गर्भातूनच आलेल्या आहेत. प्रौढ म्हणायचे ते त्यांनी आपले ठरवून टाकले आहे म्हणून. पेशी जिवंत आहेत का हे एका पिवळ्या रंगद्रव्याने कळते. जिवंत पेशी त्याचे जांभळे करतात.

समजा, एका पदार्थाच्या शंभर मात्रांना प्रौढ पेशी निम्म्या मरतात, ऐंशीला मूलपेशी, आणि धडधड मात्र पाचालाच निम्मी होते. अर्थ स्पष्ट आहे. पेशी जिवंत आहेत पण हृदय व्हायचे विसरल्या आहेत. आईला त्रास होण्याच्या कितीतरी आधी भ्रूणाची घडण मोडेल. उलट तिन्ही आकडे शंभरच्या आसपास असतील तर तो साधे विष आहे, घडणीवर त्याचा खास डोळा नाही. या तीन आकड्यांवरून सांख्यिकी सूत्रांनी पदार्थ तीन वर्गांत टाकतात. भ्रूणाला अपाय न करणारा, दुर्बल अपायकारक आणि प्रबल अपायकारक, अशी त्या वर्गांची नावे आहेत.

ही चाचणी युरोपीय संघाच्या पर्यायी पद्धतींच्या केंद्राने, इटलीतील इस्प्रा येथील ‘एकव्हाम’ने, चार प्रयोगशाळांत घासून पाहिली. वीस पदार्थ घेतले, सर्वांचे खरे गुण आधीच माहीत असलेले, पण नावे झाकलेले. त्यांत कर्करोगावरचे मेथोट्रेक्सेट, मिथाइल पारा आणि अ जीवनसत्त्वाचे भावंड असलेले रेटिनॉइक आम्ल होते. दुसऱ्या टोकाला पेनिसिलिन, कापूर आणि सॅकरिन. सुमारे ७८ टक्के वेळा वर्ग बरोबर निघाला. उंदराचा अख्खा भ्रूण बाहेर काढून वाढवण्याच्या पद्धतीचा निकाल ८० टक्के आला होता, म्हणजे फरक नावापुरता. प्रबल अपायकारक पदार्थ ओळखण्यात तर मूलपेशींची चाचणी फारच चांगली ठरली. २००२ च्या सुमारास तिला शास्त्रीय मान्यता मिळाली.

पुढे जास्त आणि निराळे पदार्थ दिले तेव्हा हे यश तेवढे टिकले नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. बशीत यकृत नसते. सायक्लोफॉस्फमाइडसारखे औषध आईच्या यकृतात गेल्यावरच घातक होते. बशीत ते गप्प बसते. बशीत वार नसते, त्यामुळे पदार्थ गर्भापर्यंत पोहोचतो की वाटेतच अडतो हे कळत नाही. भोपाळसारखा वायू थेंबात टिकणारच नाही. आणि हृदयपेशींना फक्त हृदयपेशींचेच माहीत. हात, टाळू, मेंदू यांच्या घडणीत जे संदेश लागतात ते सगळे त्यांच्या कानावर येत नाहीत. शिवाय माणसाने डोळ्यांनी धडधड मोजायची म्हटले की थकलेला डोळा आलाच. म्हणून पुढे हृदयस्नायूची खास प्रथिने यंत्राने मोजण्याची रीत आली.

सर्वांत बोचरा भाग थॅलिडोमाइडचा. ज्या औषधामुळे हे सगळे सुरू झाले तेच उंदराच्या पेशींना नीट ओळखता येत नाही. कारण २०१० नंतर उलगडत गेले. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की हे औषध पेशीतल्या सेरेब्लॉन नावाच्या प्रथिनाला चिकटते. २०१८ मध्ये कळले की त्यानंतर ते प्रथिन अवयवांच्या घडणीला लागणाऱ्या दुसऱ्या एका प्रथिनाचा नाश करवते. उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये मोक्याच्या जागी एक अमिनो आम्ल वेगळे आहे, आणि उंदीर वाचण्यामागचे ते एक कारण आहे. म्हणून आता माणसाच्याच पेशींकडे वळणे ओघाने आले. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे फिरवून त्यांना मूलपेशींसारखे करून दाखवल्यापासून त्यासाठी भ्रूणही लागत नाही. कातडीचा कण पुरतो. त्यांपासून धडधडणाऱ्या मानवी हृदयपेशी आज अनेक प्रयोगशाळांत होतात. औषध परवान्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०२० मध्ये अशा चाचण्यांना मर्यादित जागा दिली, अमेरिकेने २०२२ च्या अखेरीस आणि भारताने २०२३ मध्ये प्राण्यांविना केलेल्या चाचण्यांचा पुरावा घेण्याची तरतूद केली. प्राणिप्रयोग त्यामुळे संपलेले नाहीत. चाळणीतून आधी कोणते पदार्थ काढून टाकायचे, एवढे सध्या या पेशी ठरवतात.

आता शब्दांचा मुद्दा. वर सांगितलेल्या वीस पदार्थांत व्हॅल्प्रोइक आम्ल होते. अपस्मारावर, म्हणजे फिट्‌सवर, हे औषध आपल्याकडे सर्रास दिले जाते. या चाचणीच्या वर्गीकरणात ते ‘दुर्बल’ गटात आहे. माणसांत काय दिसते? गरोदरपणी हे औषध घेतलेल्या मातांच्या मुलांपैकी दहा टक्क्यांच्या आसपास मुलांत मोठी जन्मजात व्यंगे आढळतात, पाठीचा कणा उघडा राहणे हे त्यांतले एक. त्याहून अधिक, तीस ते चाळीस टक्के मुलांत बोलणे, शिकणे, स्मरण यांत अडचणी येतात, आणि हा दोष हृदयपेशींच्या बशीत दिसणे शक्यच नाही. शास्त्रज्ञाच्या लेखी ‘दुर्बल’ म्हणजे जास्त मात्रेला अपाय करणारा, किंवा आईला त्रास होण्याच्या जवळपासच्या मात्रेला अपाय करणारा. वाचकाच्या लेखी ‘दुर्बल’ म्हणजे फारसा नाही. अपस्माराच्या रुग्णाला औषधाची मात्राच मोठी लागते, रोज लागते, वर्षानुवर्षे लागते. तेव्हा शास्त्रज्ञाचा दुर्बल पदार्थ तिच्या पोटात प्रबळ होतो. अर्थात अशा स्त्रीने घाबरून औषध आपल्या मनाने बंद करणे त्याहून धोक्याचे आहे, कारण फिट आली तर दोघांच्याही जिवावर बेतते. बाळाचा विचार मनात येताच, दिवस राहण्याआधीच, डॉक्टरांशी बोलून औषध बदलता येते का ते पाहायचे असते.

तीच गत ‘अपाय न करणारा’ या पहिल्या वर्गाची. चाचणी एवढेच म्हणते की उंदराच्या मूलपेशी हृदयपेशी होण्याच्या आड हा पदार्थ आला नाही. ‘सुरक्षित’ असे ती म्हणत नाही. औषधांच्या माहितीपत्रकांचे आणि आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकांचे मराठी करताना हे दोन्ही एकच समजले गेलेले मी पाहिले आहे. विद्यार्थ्यांना मी पहिल्या वर्गासाठी ‘या चाचणीत अपाय न आढळलेला’ आणि दुसऱ्यासाठी ‘अधिक मात्रेत भ्रूणास अपायकारक’ असे लिहायला सांगतो. शब्द चार जास्त लागतात आणि पत्रकाच्या कागदावर जागा कमी असते, ही तक्रार छापखान्याकडून येते. तेव्हा ‘दुर्बल’ तेवढा वगळावा आणि अक्षर एका घराने लहान करावे.